रेपोशी जोडलेलं गृहकर्ज: बँकेच्या ताळेबंदातली जोखीम तुमच्या हप्त्यात कशी येते

रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचा पैसा देते त्या दराशी, जोडलेलं तुमचं २० वर्षांचं गृहकर्ज बँकेच्या कागदांत दोन ठिकाणी लिहिलेलं असतं आणि दोन्हीकडे त्याची मुदत वेगळी असते. तरलतेच्या तक्त्यात ते लांब पल्ल्याचं. ८ टक्के दराने पाच वर्षं नियमित हप्ते भरल्यावरही ८७.५ टक्के मुद्दल बाकी असतं, त्यामुळे बहुतेक रक्कम ‘५ वर्षांहून अधिक’ या बकेटमध्ये, म्हणजे मुदतीच्या कप्प्यात, पडते. व्याजदराच्या तक्त्यात मात्र तेच कर्ज तीन महिन्यांच्या आतलं. कारण पैसा २० वर्षांत परत येणार असला तरी व्याजदर प्रत्येक तिमाहीला बदलता येतो. हे उत्पादन समजून घ्यायचं तर व्याजदर कॅल्क्युलेटरपेक्षा हे दोन तक्ते आधी बघावेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. आज बँकेकडून लांब मुदतीचं गृहकर्ज घ्यायचं असेल तर रेपोशी जोडलेलं कर्ज एमसीएलआरवाल्यापेक्षा (बँकेच्या स्वतःच्या पैशाच्या खर्चावर ठरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दरापेक्षा) चांगलं आणि ‘पूर्ण मुदत फिक्स्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक कर्जांपेक्षा स्वस्त. पारदर्शकतेला पाचपैकी साडेचार. पण दर वाढल्यावर त्याचा भार कोण उचलणार, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगण्याला जेमतेम दोन.

आधी रचना. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी घर आणि वाहनासारखी नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जं बाह्य मापदंडाशी जोडलीच पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मापदंड रेपो असू शकतो, ९१ किंवा १८२ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर असू शकतो. बहुतेकांनी रेपो घेतला. दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड (बँक त्यावर लावते ती टक्केवारी), आणि रीसेट, म्हणजे दर नव्याने लावणं, तीन महिन्यांत किमान एकदा. गृहवित्त कंपन्यांना आणि नागरी सहकारी बँकांना हा नियम लागू नाही. त्यांचे दर त्यांच्या स्वतःच्या पीएलआरवर, म्हणजे त्यांनीच ठरवलेल्या मूळ दरावर, चालतात, तो कधी आणि किती हलवायचा हे त्यांचं संचालक मंडळ ठरवतं. त्यामुळे ‘फ्लोटिंग’ हा शब्द सगळीकडे सारखाच असला तरी माल एक नाही.

नियम का आला, हे आकड्यांत दिसतं. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात रेपो ६.५० वरून ५.१५ वर आला, म्हणजे १.३५ टक्क्यांनी खाली. एमसीएलआर त्या मानाने थोडाच हलला. त्यात प्रत्येक वेळी लबाडी होती असं नाही. एमसीएलआर बँकेच्या पैशाच्या सीमांत खर्चावर, सीआरआरवर (रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवाव्या लागणाऱ्या रकमेवर) बुडणाऱ्या व्याजावर, कामकाजाच्या खर्चावर आणि मुदतीच्या प्रीमियमवर बेततात. ठेवींचा खर्च हळू उतरला की एमसीएलआरही हळूच उतरतो. वर रीसेट वर्षातून एकदा. थोडक्यात, एमसीएलआरमध्ये ठेवी आणि कर्जं एकाच बैलगाडीला जुंपलेली होती. गाडी सावकाश चालायची, पण दोन्ही चाकं बरोबर. रेपोने कर्जाचं चाक मोटारीला लावलं, ठेवींचं बैलाकडेच राहिलं.

याचा बँकेला काय त्रास होतो ते छोट्या उदाहरणात बघू. समजा १०० कोटींची रेपोशी जोडलेली गृहकर्जं आहेत. त्यांच्यामागे ८ कोटी भांडवल, ७ कोटी चालू खाती, ३० कोटी बचत खाती आणि ५५ कोटींच्या एफडी. एफडीपैकी १५ कोटी येत्या तीन महिन्यांत पिकणार, बाकीच्या एक ते तीन वर्षांत. आता तीन महिन्यांपर्यंतच्या बकेटमध्ये दर बदलू शकणारी मालमत्ता १०० कोटी, दर बदलू शकणारं देणं १५ कोटी. गॅप, म्हणजे दोन्हींतला फरक, अधिक ८५ कोटी. रेपो ०.२५ ने उतरला की वर्षाच्या हिशोबाने २१ लाख २५ हजारांचं निव्वळ व्याज गेलं. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. ही १.२५ टक्क्यांची घट एका झटक्यात आली असती तर फटका १ कोटी ६ लाखांचा. अशा पुस्तकावर (एकूण कर्जांवर) ३ टक्के मार्जिन म्हणजे वर्षाला ३ कोटी. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गायब. प्रत्यक्षात घट टप्प्याटप्प्याने आली आणि दरम्यान काही एफडी नव्या दराने रिन्यू झाल्या, म्हणून घाव थोडा बोथट झाला.

बचत खात्यांचा मामला जरा गमतीचा आहे. १९९९ च्या एएलएम (मालमत्ता आणि देणी यांचा मेळ राखण्याच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार बचत ठेवींचा व्याज मिळणारा भाग ‘३ ते ६ महिने’ या बकेटमध्ये दाखवायचा. कागदावर तो संवेदनशील. व्यवहारात, रेपो २०२२-२३ मध्ये अडीच टक्के वर गेला तेव्हा मोठ्या बँकांचे बचत दर जागचे हलले नाहीत. तीच बँकांची चांदी झाली. वरच्याच उदाहरणात अडीच टक्क्यांची वाढ म्हणजे ८५ कोटींवर २ कोटी १२ लाखांची जादा कमाई. दर वाढताना बचत खात्याचा पैसा जागेवर राहतो. दर उतरताना तोच दर आधीच तळाशी असल्याने त्यातून फारसं कापता येत नाही. स्टेट बँकेने १५ जून २०२५ पासून बचत दर २.७० वरून २.५० केला. कात्री चालली ती एवढीच.

दोन्ही चाकं मोटारीला लावायचा प्रयत्नही झाला होता. स्टेट बँकेने १ मे २०१९ पासून एक लाखावरच्या बचत खात्यांचा दर रेपोशी जोडला, रेपोपेक्षा २.७५ टक्के कमी असा. एएलएमच्या दृष्टीने ही अगदी योग्य जुळणी. पुढच्याच वर्षी बँकेने सगळ्या खात्यांना सरसकट एक दर लावून प्रयोग आटोपता घेतला. आपल्याकडचा ठेवीदार ‘आज किती टक्के?’ विचारतो आणि तो आकडा मुदतभर तसाच राहावा अशी अपेक्षा ठेवतो. कर्जदाराने तरंगायचं, ठेवीदाराने नांगर टाकून बसायचं. मधलं अंतर बँकेच्या अल्कोने, म्हणजे ॲसेट लायबिलिटी कमिटीने, सांभाळायचं.

मग बँका २० वर्षांचा दर सरळ बांधून का देत नाहीत? समजा १०० कोटींची कर्जं ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी फिक्स्ड दिली. एक लाखाला हप्ता ८३६ रुपये ४४ पैसे. बाजारातला दर १० वर गेला तर तेवढ्याच मुदतीच्या नव्या कर्जाचा हप्ता ९६५ रुपये ०२ पैसे. दोघांचं गुणोत्तर ०.८६७. म्हणजे बँकेच्या १०० कोटींच्या पुस्तकाचं मोल उरलं ८६.७ कोटी. १३.३ कोटी गेले, आणि वरच्या उदाहरणात भांडवल होतं ८ कोटी. एकही कर्जदार बुडालेला नाही, प्रत्येक हप्ता वेळेवर येतोय, तरी बँक आर्थिकदृष्ट्या संपली. मुद्दल हप्त्याहप्त्याने परत येत असूनही अशा कर्जाचं ड्युरेशन, म्हणजे दरबदलाचा फटका मोजणारी सरासरी मुदत, साडेसात वर्षांच्या आसपास असतं. त्याच्या मागे एक-दोन वर्षांच्या एफडी ठेवायच्या म्हणजे साडेसात वर्षांचं घर दीड वर्षाच्या खांबावर. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक अशाच गणितात कोसळली. तिथे गृहकर्जांऐवजी लांब मुदतीचे रोखे होते आणि समोर कधीही काढता येणाऱ्या ठेवी. ८ मार्चला १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर झाला, १० मार्चला बँक बंद. तिकडे ३० वर्षांचं फिक्स्ड गृहकर्ज सर्रास मिळतं, कारण बहुतेक कर्जं बँकेच्या पुस्तकात राहत नाहीत. फॅनी मे, फ्रेडी मॅक या सरकारपुरस्कृत संस्थांच्या मार्फत ती रोख्यांत रूपांतरित होऊन लांब मुदतीच्या गुंतवणूकदारांकडे जातात. आपल्याकडे ती वाट अरुंद आहे.

रेपोशी जोडलेल्या कर्जाने हा १३.३ कोटींचा धोका बँकेच्या डोक्यावरून काढला. दर बदलला की तीन महिन्यांत कर्ज पुन्हा बाजारभावाला येतं, म्हणून ड्युरेशन पाव वर्षाहून कमी. धोका नाहीसा झाला नाही, पत्ता बदलला. नवा पत्ता तुमचा.

५० लाख, २० वर्षं, स्प्रेड २.७५ असं कर्ज घ्या. मे २०२० ते एप्रिल २०२२ मध्ये रेपो ४ टक्के होता, म्हणजे दर ६.७५ आणि हप्ता ३८,०१८ रुपये. ४ मे २०२२ ला रेपो ४.४० झाला आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५० वर पोचला. दर झाला ९.२५. शिल्लक ५० लाखांच्या जवळ असताना या दराने फक्त व्याज होतं महिन्याला ३८,५४२. हप्ता ३८,०१८. हप्त्यात व्याजसुद्धा मावत नाही आणि मुद्दल वाढायला लागतं. वर्ष-दीड वर्ष हप्ते भरून शिल्लक ४९ लाखांवर आणली असती तरी जुन्या हप्त्यात कर्ज फिटायला ५४ वर्षं लागली असती. २० वर्षांतच फेडायचं तर ५० लाखांवर हप्ता ४५,७९३, म्हणजे ७,७७५ रुपये जास्त.

त्या वर्षी अनेकांनी ॲपमध्ये ‘उरलेले हप्ते’ बघितले आणि आकडा निवृत्तीच्या पलीकडे गेलेला दिसला, तो याच हिशोबाने. हप्ता तोच ठेवून मुदत ताणायची हा बँकांचा सोपा मार्ग होता. ग्राहक ओरडत नाही, खातं थकीत होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घातला. रीसेट करताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडू द्यायचं. कधीही अंशतः किंवा पूर्ण परतफेड करू द्यायची. मुदत ताणून मुद्दल वाढत जाईल अशी स्थिती येऊ द्यायची नाही. कर्ज देतानाच पुढच्या दरवाढीसाठी परतफेडीच्या क्षमतेत जागा आहे का, तेही बघायचं. शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. हातात ९०,००० पगार येणाऱ्याला ३८,०१८ चा हप्ता म्हणजे उत्पन्नाच्या ४२ टक्के. ४५,७९३ झाला की ५१ टक्के. विक्री प्रतिनिधी पहिला आकडा दाखवतो. तुम्ही दुसरा काढून मगच रक्कम ठरवा. डिसेंबर २०२५ च्या ५.२५ रेपोवर याच स्प्रेडने दर ८ आणि हप्ता ४१,८२२ येतो. अडीच टक्के वर धरून, म्हणजे १०.५० ला, तो झेपतो का ते बघायचं.

आता मंजुरीपत्र. रेपो सगळ्यांना सारखाच, त्यामुळे उत्पादनांतला खरा फरक स्प्रेडमध्ये आणि रीसेटच्या तारखेत असतो.

स्प्रेडचे दोन भाग. एक क्रेडिट रिस्क प्रीमियम. तुमच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाला आणि करारात तसं लिहिलेलं असेल तरच तो बदलतो. तो क्रेडिट स्कोअरच्या पट्ट्यांशी बांधला आहे का, हे कलम शोधा. असेल तर क्रेडिट कार्डाची दोन बिलं चुकली तरी घराचा दर वाढू शकतो. दुसरा भाग बँकेचा खर्च आणि नफा. तो पूर्वी तीन वर्षांतून एकदाच बदलता यायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहक टिकवण्यासाठी बँक तो आधीही कमी करू शकते. लक्षात घ्या, कमी ‘करू शकते’. मागितल्याशिवाय कोणी करत नाही. नव्या ग्राहकाला २.४० स्प्रेड आणि सहा वर्षं हप्ते भरणाऱ्याला ३.१५, असा प्रकार याच जागेत घडतो. आणि गॅप अंगावर आला की बँक हात घालते तोही इथेच. रेपोला ती हात लावू शकत नाही, म्हणून दर उतरायला लागले की नव्या कर्जांचे स्प्रेड हळूच जाड होतात. २०२५ मध्ये काही बँकांनी तेच केलं. तेव्हा रेपो कमी झाला म्हणून थांबलेल्या ग्राहकाने थांबताना स्प्रेडही बघायला हवा होता.

रीसेटची तारीख: काही बँका रेपो बदलल्यावर पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सगळ्यांचा दर बदलतात, काही तुमच्या पहिल्या वितरणापासून दर तीन महिन्यांनी. ५० लाखांवर ०.२५ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे १,०४० रुपये, तीन महिन्यांचा उशीर म्हणजे ३,१०० च्या आसपास. दर चढताना हाच उशीर तुमच्या बाजूने असतो. त्यामुळे यावर जास्त डोकं शिणवू नये, फक्त करारात दोन्ही दिशांना एकच नियम आहे ना, ते पाहावं.

बाजारात तिसरा माल आहे तो संमिश्र: पहिली दोन, तीन किंवा पाच वर्षं दर बांधलेला, पुढे रेपोवर. एएलएमच्या नजरेने हे सगळ्यात प्रामाणिक फिक्स्ड. तीन वर्षं बांधलेल्या कर्जासमोर बँक तीन वर्षांच्या एफडी उभ्या करू शकते आणि खरीखुरी जुळणी होते. त्यामुळे त्यासाठी मागितलेला जादा दर अवाच्या सवा नसावा. पाव ते अर्धा टक्का असेल आणि घराचं बजेट पहिली वर्षं काठावर असेल, तर घ्यायला हरकत नाही. मात्र पूर्ण २० वर्षं फिक्स्ड असं सांगितलं तर करारात ‘ठरावीक वर्षांनी पुनर्निर्धारण’ असं कलम शोधाच. बहुतेक वेळा सापडतं.

संमिश्र कर्जात मुदतपूर्व फेडीची मेख आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून फोरक्लोजर शुल्क घेता येत नाही, हे जुनंच. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या संमिश्र कर्जांना, फेडीच्या वेळी कर्ज फिक्स्ड टप्प्यात आहे की फ्लोटिंग, यावर शुल्क ठरतं. फिक्स्ड टप्प्यात शुल्क लावण्यामागे कारणही आहे. दर उतरले की कर्जदार पळतो, पण त्याच्यासाठी बांधून ठेवलेली महाग एफडी बँकेच्या गळ्यात राहते. आणि दर चढले की उलटं होतं. व्यक्तींची एक कोटीपर्यंतची एफडी वेळेआधी मोडू देणं बँकेला बंधनकारक आहे, थोडा दंड सोसून ठेवीदार नव्या दराकडे जातो. पळायची वाट दोन्ही बाजूंना ग्राहकाच्याच हातात. अल्कोच्या बैठकीत मांडलेली सुबक जुळणी मोडते ती बहुधा इथेच.

जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटवर अजून असाल तर शाखेत लेखी अर्ज द्या, रेपोवर घ्या म्हणून. पात्र कर्जदाराला वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्चाव्यतिरिक्त शुल्क न लावता बदल मिळायला हवा. आधीच रेपोवर असाल आणि स्प्रेड जाड असेल, तर आधी दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र आणा, मग आपल्या बँकेकडे स्प्रेड कमी करायचा अर्ज. तोंडी विनंतीला शाखेत उत्तर नसतं, समोर ठेवलेल्या कागदाला असतं. कर्ज खरंच हलवायचं ठरलं तर हिशोबात प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन आणि महाराष्ट्रात हक्कपत्रं पुन्हा तारण ठेवण्याचं मुद्रांक शुल्क व नोटीस ऑफ इंटिमेशन (तारणाची निबंधकाकडे द्यायची सूचना) यांचा खर्च धरा. अर्ध्या टक्क्याचा फरक आणि दहा वर्षांहून जास्त मुदत बाकी असेल तर बहुतेक वेळा परवडतं. पाच वर्षं उरली असतील तर सोडून द्या, व्याजाचा मोठा भाग तुम्ही भरून बसला आहात.

फिक्स्डकडे वळण्याचा पर्याय रीसेटला मिळतो का, हेही सही करण्याआधी विचारा. २०२३ च्या नियमात तो द्यायचाच होता, १ ऑक्टोबर २०२५ पासून तो बँकेच्या मर्जीवर आहे. काही बँका देतात, पण तेव्हाच्या दरावर आणि शुल्कासह. दर चढून गेल्यावर हा पर्याय म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर छत्रीच्या दुकानात शिरणं.

दर तिमाहीला बँकेने द्यायच्या विवरणात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, सध्याचा हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर एवढं असलंच पाहिजे. रेपो खाली आला की बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवून उरलेले हप्ते कमी करतात. फायद्याचं तेच, मुद्दल लवकर फिटतं. हप्ता तोच असताना उरलेल्या हप्त्यांचा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा तीनहून जास्तने घटला नसेल आणि मध्ये रेपो उतरलेला असेल, तर रीसेट झालेलाच नाही किंवा स्प्रेड हलला आहे. त्या दिवशीच शाखेला लेखी विचारा.